आठ-आठ माणसांची यादी

लोकांचा वैशाख आंब्यानं सुरू होतो, माझा कोऱ्या कागदानं. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची नऊ वर्षं हेच चाललंय. आमची कागदाची मिल वर्षभर थांबत नाही. वैशाखात पाणी आटलं की मात्र पंधरा-सोळा दिवस ती बंद ठेवतात. बंद म्हणजे सुट्टी नव्हे. एवढ्या दिवसांत सगळं मशीन उघडायचं, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं, पुन्हा जोडायचं. ह्याला इथं सगळेच शटडाऊन म्हणतात, आमच्या बायका आणि कोपऱ्यावरचा किराणावालासुद्धा. अडीचशेच्या आसपास माणसं एकदम आत शिरतात. त्यांचे आठ-आठांचे गट पाडायचे आणि कोणता गट कुठल्या कामावर जाईल ते लिहायचं, ही माझी नोकरी. यंदाचं शटडाऊन माझं शेवटचं. दसऱ्याच्या आधी मी रिटायर होतोय.

ह्या दिवसांतली सकाळ मला पाठ आहे. शनवाऱ्याच्या दरवाज्याशी सहाची बस पकडायची, तर बसची दांडी तेव्हाच हाताला कोमट लागते. नदीच्या वाळूतली खरबुजं घेऊन हातगाड्या येऊन उभ्या असतात. बुऱ्हाणपूर मागे पडलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांच्या कडा करपून फाटलेल्या. मिल जवळ आली की लगद्याचा तो आंबूस, ओला वास येतो. पाहुण्यांना त्यानं मळमळतं. शटडाऊन लागलं की दोन-तीन दिवसांत वास विरतो आणि मला उगाच काहीतरी घरी विसरून आल्यासारखं वाटत राहतं.

यंदा कागद कोराच राहिला. नव्या इंजिनिअर मॅडम आल्यात, अंकिता मॅडम, माझ्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी रविवारी यादी फोनवर पाठवली. वर लिहिलं होतं, "काका, सॉफ्टवेअरने ग्रुप बनवून दिलेत, एकदा चेक करून टाका ना प्लीज." मी ओट्यावर बसून यादी वर-खाली करत राहिलो. एकतीस गट. प्रत्येक गटात एक फिटर, एक वेल्डर, एक क्रेनला इशारे देणारा, एक इलेक्ट्रिशियन आणि बाकीचे हाताखाली. एकही चूक नाही. बायको शेजारी खरबूज चिरत होती. ती म्हणाली, "तुम्ही वर गेले तरी तिथं देवाले आठ-आठच्या रांगेत उभं कराल." मला हसू आलं नाही. अशीच, अगदी अशीच बिनचूक यादी मी नऊ वर्षांपूर्वी केली होती.

त्याआधी यादी-बिदी काही नव्हती. मुकादम हाक मारायचा, माणसं आपापल्या ओळखीनं जमायची, टोळी तयार व्हायची. त्यात गोंधळ भरपूर होता, खोटं कशाला सांगू. एका बोल्टला बारा माणसं लोंबकळायची आणि पलीकडे पंप उघडा पडलेला असायचा. कुणी काय केलं, कुणाला विचारायचं, पत्ता नसायचा. मग एक नवे साहेब आले, ते म्हणाले, छोटे गट करा, प्रत्येक गटाला एक काम आणि एक जबाबदार माणूस. त्यांचं काहीही चुकीचं नव्हतं. काम मात्र आलं माझ्याकडे.

मी ते हौसेनं केलं, हे कबूल करायला हवं. लाल शाईनं गटाचा नंबर, निळ्या शाईनं नावं. पत्ते पिसावेत तशी मी माणसं पिसली. कुठल्याही गटात दोन चांगले फिटर नकोत, कुठला गट लंगडा नको. चार दिवस बसून केलेली ती यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा मी मुद्दाम तिच्यासमोरून दोनदा गेलो होतो. खाली माझी सही होती.

त्या यादीत सुपडूअप्पा सातव्या गटात होते आणि प्रल्हाद एकोणिसाव्या.

आता सुपडूअप्पा कोण, ते सांगायला हवं. फिटर. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, तुकईथड गावाकडचे, अंगानं बारीक. मशीनवर कुठं काही बिनसलं तर साहेब लोक मीटर घेऊन यायच्या आधी अप्पा रोलच्या टोकाशी, बेअरिंगच्या डब्यावर तळहात ठेवायचे. डोळे मिटायचे. मग दोन बोटं वर करायचे, म्हणजे दोन दिवस चालेल. किंवा हात आडवा फिरवायचे, म्हणजे आत्ता बंद करा. त्यांचं चुकलेलं मी पाहिलं नाही. आणि प्रल्हाद त्यांचा जोडीदार, वयानं बराच लहान, पण वीस वर्षं एका डब्यात जेवलेला. अप्पांच्या घरचं लोणचं प्रल्हादच्या डब्यात आणि प्रल्हादच्या आईची शेंगदाण्याची चटणी अप्पांच्या भाकरीवर. दोघं एकमेकांशी बोलताना मी फारसं पाहिलं नव्हतं. प्रल्हाद लांब असला तर हातातल्या पान्यानं रेलिंगवर ठोकायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे मी आहे, चालू दे. अप्पांचा हात कायम रेलिंगवर असायचा. मला वाटायचं, सवय असेल.

मशीन चालू असतं तेव्हा तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही. साडेअकरा महिने आम्ही सगळेच बहिरे असतो. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. चहा हवा तर अंगठा ओठाशी, साहेब आले तर खांद्यावर दोन बोटं. घरी गेल्यावरही आम्ही ओरडूनच बोलतो आणि बायका म्हणतात, मिल इथं आणली का. अशा ठिकाणी एखाद्या माणसाचे कान गेलेत हे कळणार कसं? ते कळायचं तर मिल बंद व्हायला हवी. ती वर्षातून एकदाच बंद होते.

शटडाऊनची पहिली सकाळ ज्यानं अनुभवली नाही त्याला ती शांतता सांगून कळायची नाही. मोठ्या छताखाली चिमण्यांचा आवाज येतो. लांब कुणीतरी हातोडी खाली ठेवलेली ऐकू येते. माणूस माणसाला नावानं हाक मारतो. आणि त्याच पंधरा दिवसांत, जिथं सगळं हाकेवर चालतं तिथं, मी अप्पांना त्यांच्या रेलिंगपासून, त्या पान्यापासून लांब पाठवलं होतं.

पहिल्या दिवशी तक्रार आली, सुपडू ऐकत नाहीत, मोठे उस्ताद समजतात स्वतःला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी हसून सोडून दिलं, म्हातारा हेकट झाला असेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी तिथंच उभा होतो. क्रेननं ओला कागद पिळणाऱ्या प्रेसचा रोल उचलला होता, काही टनांचं धूड, आणि एका बाजूचा पट्टा सरकायला लागला. चार-पाच जण एकदम ओरडले, "अप्पा, हटा! थांबा!" अप्पा त्याच्याखाली वाकून काहीतरी पुसत होते. पुसतच राहिले. मीही ओरडलो. इतक्या शांततेत माझा आवाज छताला लागून परत आला, पण अप्पांनी मान वर केली नाही. गणेश नावाचा वेल्डर पळत गेला आणि त्यानं अप्पांची कॉलर धरून त्यांना मागे खेचलं. शर्ट फाटला. रोल खाली आला आणि फरशीला तडा गेला. अप्पांना खरचटलंसुद्धा नाही.

खाली बसलेले अप्पा आमच्याकडे एकेकाकडे पाहत होते. प्रल्हाद कुठं दिसतोय का, ते शोधत होते. ते तोंड मला अजून दिसतं.

पुढचं सगळं नियमानं झालं. रिपोर्ट लिहिला गेला, कानांची तपासणी झाली, दोन्ही कान जवळजवळ गेलेले निघाले. अशा माणसाला मशीनवर ठेवू नये हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मी तडा गेलेली फरशी पाहिलीय, मला त्याविरुद्ध बोलता येणार नाही. अप्पांना स्टोअरच्या खिडकीशी बसवलं, हातमोजे आणि पुसायच्या चिंध्या द्यायला. खुर्ची दिली. लोक म्हणाले, चला अप्पा, आराम झाला. रिटायर होईपर्यंतची तीन वर्षं ते त्या खुर्चीवर बसले. अधूनमधून खिडकीच्या लोखंडी चौकटीवर तळहात ठेवून असायचे. मशीन तिथून फार लांब होतं, चौकटीत काही पोचत नसणार.

प्रल्हादनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. भांडला नाही, काही नाही. यादी लागली की नाव पाहायचा आणि कामावर जायचा. मी समोर आलो की मशीनकडे पाहायचा. नऊ वर्षं एका माणसानं तुमच्याकडे न पाहणं ही काय गोष्ट असते, ते मी घरी कधी सांगू शकलो नाही. मला अपराधी वाटत होतं, आणि कधीकधी त्याचा रागही यायचा. मला काय माहीत होतं? कुणी सांगितलं होतं का मला?

तेव्हापासून मी याद्या वेगळ्या करायला लागलो. शटडाऊनच्या आधी पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत मी लिंबाखाली फिरायचो, हातात उगाच एखादा कागद घेऊन. कोण कुणाशेजारी बसतो, कुणाच्या डब्यातून कोण न विचारता घेतो, कोण पाठ करून एकटा जेवतो. कोण कुणाला मिरची काढून देतो. ह्यावरून मी गट पाडायचो. साहेबांना वाटायचं, बाबूजी काहीतरी शास्त्रीय करतायत. काम बरं व्हायचं, वेळेत व्हायचं. पण मी थकत गेलो. फिटर किती, वेल्डर किती, ते मोजता येतं. कोण कुणाचं काय झाकतो ते मोजायला बसलं की माणसाला झोप लागत नाही. जेवायला बसलेल्यांकडे मी चोरासारखा पाहतो, हे मला आवडायचं नाही. आणि इतकं पाहूनही मी कुणाला काही विचारत नव्हतो, हे तर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सोमवारी मी मॅडमची यादी घेऊन खोलीत बसलो होतो, तर दारात प्रल्हाद. नऊ वर्षांनी. केस पार पांढरे झालेत, त्याची अजून दोन वर्षं राह्यलीत.

"बाबूजी, एक काम होतं."

"बोल ना. बस."

तो बसला नाही. "मले गणेशच्या गटात टाका."

"का रे?"

"असंच." मग म्हणाला, "होत असंन तर पाहा. नही तर राहू द्या." आणि गेला.

यादीत तो ड्रायरच्या गटात होता, शिड्यांचं काम, वर-खाली. गणेश दुसरीकडेच. ज्या गणेशनं अप्पांची कॉलर धरली होती, तोच गणेश. प्रल्हादला काहीतरी झालंय आणि कॉलर धरणारा माणूस त्याला जवळ हवाय, एवढं मला लगेच कळलं. काय झालंय ते कळलं नाही. गप्प राहून त्याला गणेशजवळ टाकलं तर उद्या पुन्हा कुणीतरी लोंबकळत्या धुडाखाली असेल. मॅडमना सांगितलं तर प्रल्हादला खुर्ची. आणि माझ्याच हातून कुणाला ती खुर्ची मिळाली, असं दुसऱ्यांदा होईल. चार महिन्यांनी सुटणार होतो मी ह्यातून.

संध्याकाळी बसमधून उतरून घरी न जाता मी राजघाटावर गेलो. अप्पा आता मुलाकडे तिथंच जवळ राहतात. पायऱ्यांवर बसले होते. पाणी पार आत गेलेलं, वाळूत खरबुजाचे वेल. मला पाहिल्यावर त्यांनी खिशातून कानाचं यंत्र काढून दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरानं घेऊन दिलं! यानं फक्त कावळे आइकू येतात! माणसं नही येत!" आणि खूप हसले. मी पाटीवर लिहितात तसं पिशवीतल्या कागदावर लिहिलं : प्रल्हादला काय झालंय?

त्यांनी कागद लांब धरून वाचला. घडी घालून मला परत दिला.

"मले काहून विचारता?" ते म्हणाले. आवाज आता बारीक होता. "त्याले विचारा ना. तुम्ही तवाही मले विचारलं नही, बाबूजी. एवढी सोन्यासारखी यादी केली, पन कोनाले विचारलं नही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुमच्यापासून काय लपवाचं होतं? मले वाटे, कोनी तरी विचारंन."

मी त्यांच्याशेजारी बसलो. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मला कुणी सांगितलं नव्हतं. उठताना मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून थोडा वेळ डोळे मिटले, पूर्वी बेअरिंगवर ठेवायचे तसे. मग म्हणाले, "दमले तुम्ही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लिंबाखाली गेलो ते कागद न घेता. प्रल्हादच्या समोर खाली बसलो. गुडघे वाजले. विचारलं, "प्रल्हाद, काय झालंय तुला?"

त्यानं घास खाली ठेवला. "डावा डोळा गेल्यासारखा झाला, बाबूजी. मोतीबिंदू म्हनतात. उजव्यानं दिसते, पन शिडीची पायरी कुठी हाय ते समजत नही. पाय हवेत पडते." मग डब्याकडे पाहत म्हणाला, "मले खुर्ची नको."

"मोतीबिंदू काढता येतो. शटडाऊन झालं की काढून घे. अप्पांच्या कानांसारखं नाही ते."

"सांगाले सोपं हाय."

"मॅडमना सांगू का? तू म्हणशील तर. नाही म्हणालास तर सांगणार नाही, पण शिडीवरही पाठवणार नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा नऊ वर्षं. लिंबाची पिवळी पानं त्याच्या डब्यात पडत होती, ती तो एकेक उचलून टाकत होता.

"तुम्ही विचारू राह्यले म्हनून," तो शेवटी म्हणाला, "सांगा."

मॅडमनी ऐकून घेतलं. फार प्रश्न विचारले नाहीत, पोरगी शहाणी आहे. प्रल्हादला शिडीवरून काढून खालच्या कामावर घेतलं, प्रेसचा जाड लोकरी पट्टा बदलायच्या गटात, गणेशसोबत. आणि शटडाऊन संपल्यावर ऑपरेशनसाठी सुट्टी. मग स्क्रीनकडे पाहून म्हणाल्या, "काका, हे रीझन मागतंय. चेंज का केला, काय लिहू?"

"लिहा, जोडीनं काम करतात."

"पण ते दोघं तर वेगवेगळ्या सेक्शनचे आहेत."

"मग लिहा, विचारून केलं."

त्या हसल्या आणि खरंच तसं लिहिलं. मग खुर्ची वळवून मला म्हणाल्या, "बाकीच्यांनाही विचारायचं का?" अडीचशे माणसं. पण आम्ही निघालो. चार दिवस आम्ही दोघं गटागटानं फिरलो, त्या पुढे, मी मागे. कुणाची कंबर, कुणाची साखर, कुणाचं भावाशी वैर, कुणाला बंद टाकीत उतरायची भीती. बत्तीस वर्षं ज्यांच्यासोबत काढली त्यांच्याबद्दल मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. काहींनी काहीच सांगितलं नाही. सांगतील, पुढल्या वर्षी मॅडमना. घरी येऊन मी चहाही न पिता आडवा व्हायचो.

काल शटडाऊन संपलं. कुणाला इजा झाली नाही. दुपारी मशीन सुरू करायची वेळ आली तेव्हा सगळे खाली जमले. मीही गेलो, शेवटचं म्हणून. आधी पंप घरघरले, मग रोल फिरायला लागले, मग एकेक ड्रायर, आणि बघता बघता तो आवाज चढत गेला. चिमण्या गेल्या, हाका गेल्या. माणसांची तोंडं हलताना दिसत होती, शब्द कुठले. ओला कागद पहिल्यांदा न फाटता पलीकडे गेला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. मी रेलिंगला टेकून उभा होतो, थकलेला, घामानं निथळलेला, आणि आपलं इथलं काम संपलं असं वाटून रडू यायला लागलं होतं. कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घातली.

तेवढ्यात रेलिंगवर ठेवलेल्या तळहाताला काहीतरी लागलं. आवाज नव्हताच, ऐकू येणं शक्य नव्हतं. पलीकडच्या टोकाला कोण उभं आहे ते पाहायला मी वर पाहिलं नाही. हात तसाच ठेवला.

दोन ठोके होते.